स्वतः घडवलेलं खटक्याचं पेन भाग न मोडता परत कसं उघडायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: लाकूड लेथवर तासून किटमधून खटक्याचं पेन केलंत, सगळे भाग दाबून बसवलेत, आणि आता रिफिलचं टोक पूर्ण आत जात नाही. पेन उघडायचंय, पण एकही भाग खराब न करता.

आधी हातोडी खाली ठेवा. अशी निम्मी पेनं उघडावीच लागत नाहीत.

पुढचा शंकू, म्हणजे ज्यातून टोक डोकावतं तो भाग, बहुतेक खटक्याच्या पेनांत आट्यांवर असतो. तो फिरवून काढा आणि काढताना पेन ताटात किंवा टॉवेलवर धरा, कारण स्प्रिंग एकदा उडाली की कपाटाखालीच सापडते. रिफिल काढल्यावर खटका ढिला, मेल्यासारखा वाटेल. घाबरू नका, तो तसाच असतो. आत एक दातेरी फिरकी असते. बटण दाबलं की ती थोडी फिरते आणि एकदा खोल खाचेत, एकदा उथळ खाचेत बसते: खोल खाचेत टोक आत, उथळ खाचेत टोक बाहेर. तिला खाचेत ढकलून ठेवायचं काम पुढची स्प्रिंग करते, तेही रिफिलमार्फत. म्हणून खटक्याची परीक्षा रिफिल आणि स्प्रिंग घालूनच करायची. रिफिल बदलून बघा. पार्कर पद्धतीचं रिफिल साधारण ९८ मिमी लांब असतं, आणि स्वस्तातली काही रिफिलं या मापाशी प्रामाणिक नसतात. लाकडाच्या आत चिकटवलेल्या पितळी नळीत टॉर्च मारून सुकलेल्या गोंदाचा थेंबही शोधा. रिफिल त्यावर घासत असेल तर खटका चालणार नाही आणि दोष मात्र यंत्रणेला मिळेल.

हे सगळं ठीक असेल तर मग उघडा. दाबून बसवलेला भाग बाहेरून ओढायचा नाही, आतून ढकलायचा. आणि ढकलणारी दांडी आत नेमकी कशाला टेकते आहे हे ठोकण्याआधी माहीत हवं.

हे मी पेन फोडून शिकलो. माझ्या तिसऱ्या की चौथ्या पेनाची क्लिप वाकडी बसली होती. एक जाड खिळा पुढून आत घातला आणि दोन ठोके दिले. वरचा भाग क्लिपसकट अलगद बाहेर आला, मुलाम्यावर ओरखडा नाही, लाकडाला तडा नाही. मी खूश! जोडल्यावर बटण दाबलं तर आतून कुरकुर. खिळ्याचं टोक सरळ त्या प्लास्टिकच्या फिरकीवर बसलं होतं आणि तिचे दाते चपटे झाले होते. पेन वाचलं, खटका गेला.

तेव्हापासून दांडीऐवजी पोकळ नळी वापरतो. किटमधून उरलेल्या पितळी नळीचे तुकडे जपून ठेवा, त्यांचा याहून चांगला उपयोग नाही. नळी अशी निवडायची की पुढच्या कपलरच्या (शंकू ज्याच्या आट्यांवर बसतो तो दाबून बसवलेला भाग) भोकातून आरामात जाईल, आणि आत गेल्यावर तिची कड यंत्रणेच्या धातूच्या कडेवर टेकेल. फिरकी नळीच्या पोकळीत मोकळी राहील. तोंड कानशीने काटकोनात सपाट करा, तिरकं असेल तर सगळा जोर एका बाजूला जातो. नळीच्या मागच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकून घ्या, म्हणजे हातोडीने ते चेपणार नाही. कपलरचे आटे वाचवायला नळीवर कागदी टेपचा एक वेढा द्या.

त्याही आधी आत नीट बघा, कारण काही किटमध्ये खटक्याची यंत्रणा स्वतःच आट्यांवर असते. टॉर्चच्या उजेडात आटे चमकतात. तशी असेल तर ती आधी फिरवून काढून घ्या, मग उरतात फक्त पितळी आणि मुलाम्याचे भाग, ते निर्धास्त ठोकता येतात.

ठोकताना पेन टेबलावर उभं करू नका. बॅरल, म्हणजे पेनाचा घडवलेला दांडा, डाव्या मुठीत, रबरी हातमोज्यात किंवा कातड्याच्या तुकड्यात घट्ट धरा, वरचं तोंड खाली, खाली घडी घातलेला टॉवेल. मुठीतून निसटत असेल तर लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडा. ते एवढं असावं की निघणारा भाग खाली पडेल, पण बॅरलची कड ठोकळ्यावर टेकेल. क्लिपसाठी एका बाजूला खाच कापा, नाहीतर पहिला मार क्लिपच खाते. ठोके हलके, पण तुटक. दोन ठोक्यांनंतर पेन थोडं फिरवा. भाग हलायला लागला की आवाज बदलतो, बोदा होतो. तो ऐकू आला की हातोडी ठेवून हातानेच ढकला.

बॅरल ॲक्रिलिकचं असेल तर मी ठोकतच नाही. ते ठिसूळ असतं. व्हाइसच्या (वस्तू आवळून धरायच्या शिकंज्याच्या) दोन्ही जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावून, एका पट्टीला भोक पाडून, सावकाश दाबतो. पाव फेरा, थांबा, पुन्हा पाव फेरा.

वरचा भाग निघाला की वरून जाड दांडी घालून पुढचा कपलर ढकला. तिथे नाजूक काही नसतं. ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा चालतो. धारेची बाजू मात्र आत जाऊ देऊ नका.

भाग सुपरग्लू लावून बसवला असेल तर? सुपरग्लू ओढ सहन करतो, पण हादऱ्याला तुटतो, त्यामुळे तुटक ठोका इथे खरोखर कामाचा. नाहीच हलला तर हेअर ड्रायरची ऊब द्या. बेताने, कारण उष्णता पितळेतून लगेच पसरते आणि लाकडाला नळी धरून ठेवणारा गोंदही ढिला पडतो. सेल्युलॉइडच्या बॅरलला उष्णता अजिबात नको, ते पेट घेतं. ॲसिटोन सुपरग्लू विरघळवतं हे खरं, पण ॲक्रिलिक आणि वरचं पॉलिशही खातं, म्हणून मी ते पेनाच्या जवळही आणत नाही.

पकडीने ओढणं हा शेवटचा उपाय, आणि उघडी पकड मुलाम्यावर कधीच लावायची नाही. लाकडाच्या तुकड्याला भागाच्या मापाचं भोक पाडा, भोकातून करवतीने एक चीर द्या आणि तो तुकडा भागाभोवती बसवून व्हाइसमध्ये आवळा. मग बॅरल फिरवत फिरवत ओढा.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे. टोक आत जात नाही याचा अर्थ बहुधा बॅरलची टोकं सपाट करताना आतली पितळी नळी जास्त तासली गेली आणि यंत्रणा पुढे सरकली. तसेच भाग परत दाबलेत तर तोच दोष परत येईल. टोक जितकं बाहेर राहतं तितकं मोजा. उरलेल्या पितळी नळीतून तेवढ्या रुंदीची कडी कापा आणि बॅरल व कपलर यांच्यामध्ये घाला. कडीची बाहेरची कड बॅरलशी जुळवून पॉलिश केली की ती मुद्दाम दिलेल्या पट्टीसारखी दिसते. जोडण्याआधी नळीच्या तोंडातला सुकलेला गोंद गोल कानशीने काढा. एकदा निघालेला भाग आता सैल बसत असेल तर इपॉक्सी गोंदाचा पुसट हात द्या. सुपरग्लू नको: तो भाग अर्ध्यात असतानाच धरतो आणि त्याच्या वाफेने क्रोमवर पांढरी धुरी चढते.