पणजीच्या ऑफिसात दिवसभर राबूनही मुख्य काम तसंच राहतं. दिवस आखावा कसा?

दिवस सकाळी नको, आदल्या संध्याकाळी आखा. निघण्यापूर्वी उद्याची तीनच कामं कागदावर लिहा, पण नेमकी. नुसतं ‘जीएसटी’ लिहिलंत तर सकाळी पुन्हा विचारात वेळ जातो; ‘जीएसटीआर-१ साठी मडगावच्या पार्टीची बिलं जुळवणे’ असं लिहिलं की खुर्चीत बसताच हात चालतो. महिन्याची ११ तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ हे विक्रीचं मासिक विवरणपत्र भरायची मुदत, तोंडावर असेल तर हेच पहिलं.

डोकं लागणारं काम पहिल्या दीड तासात उरका, मेल नंतर उघडा. म्हापशाहून किंवा फोंड्याहून कदंबाने येत असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप बसमध्येच बघून होतात.

आणि आपल्या गोव्याची दुपार धरूनच आखणी करा. बरीच दुकानं, छोटी ऑफिसं एकला बंद होतात ती तीन-साडेतीनपर्यंत उघडत नाहीत. त्यामुळे व्यापाऱ्यांना फोन, चेकची चौकशी, स्टेशनरीची ऑर्डर हे सगळं साडेबाराच्या आत संपवा. जेवणानंतर फोन थंडावतात, तेव्हा एन्ट्र्या आणि फायली घ्या.

चार ते पाच मात्र काहीच लावू नका. साहेबांचं ‘जरा हे बघ’ बहुतेक त्याच वेळी येतं.