इजिप्तचं काजळ, सुरमा की अंजन?

प्रश्न असा आला आहे: मुलांसाठीच्या एका लेखाचं भाषांतर करताना 'प्राचीन इजिप्तमधले स्त्री-पुरुष डोळ्यांचे आजार दूर ठेवायला कोहल वापरत' असं वाक्य आलं. या 'कोहल'ला काजळ म्हणावं, सुरमा की अंजन? आणि 'अल्कोहोल' हा शब्द त्यावरूनच आला, हे खरं का?

काजळ तेवढं नको. काजळ म्हणजे दिव्याची काजळी. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरायची, जमलेली काजळी तुपात खलायची, झालं काजळ. इजिप्तचं काळं द्रव्य मुख्यतः दगड कुटून केलेलं असे. तो दगड म्हणजे गॅलिना, शिशाचं खनिज. तांबड्या समुद्राच्या काठी गेबेल झैतला त्याच्या खाणी होत्या आणि बाहेरूनही माल येई. इजिप्तमध्येच बेनी हसन इथे दुसरा ख्नुमहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात, इ.स.पू. १८९०च्या सुमारास, पूर्वेकडून आलेला एक तांडा रंगवला आहे. नक्षीदार कपडे, धनुष्यं, गाढवं, आणि सोबतच्या मजकुरात नोंद की ३७ जण डोळ्यांचं काळं द्रव्य घेऊन आले. चित्रात माणसं त्याहून बरीच कमी आहेत; चितारणाऱ्याला जागा पुरली नसावी.

त्या काळ्या द्रव्याचं तिथलं नाव 'मेसदेमेत'. कोहल हा अरबी शब्द फार नंतरचा.

सुरमा मग जवळचा वाटतो, कारण सुरमाही खनिजाचीच वस्त्रगाळ पूड. पण इजिप्तमध्ये सुरुवातीच्या काळात मॅलेकाइटचा, म्हणजे तांब्याच्या खनिजाचा, हिरवा लेपही पापण्यांना लावत. हिरवा सुरमा मराठी कानाला खटकतो. शिवाय सुरमा म्हटलं की शृंगार आधी आठवतो आणि औषध मागे पडतं. इजिप्तमध्ये दोन्ही एकाच डबीत होतं. काही डब्यांना चार-पाच नळ्या असत आणि कुठली नळी पुराच्या दिवसांत वापरायची, कुठली हिवाळ्यात, कुठली उन्हाळ्यात, हे वर लिहिलेलं असे. इ.स.पू. १५५०च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या वैद्यकाच्या हस्तलिखितात डोळ्यांवरचे सुमारे १०० उपाय आहेत. मेसदेमेत, मध, गेरू हे त्यातले नेहमीचे मानकरी, आणि रातांधळेपणावर बैलाचं यकृत. हा शेवटचा उपाय 'अ' जीवनसत्त्वाच्या हिशेबाने अगदी बरोबर निघाला. लूव्र संग्रहालयातल्या डब्यांमधली भुकटी तपासली तेव्हा त्यात शिशाची अशी संयुगं सापडली, जी निसर्गात सहज मिळत नाहीत. ती मुद्दाम, मीठ आणि पाणी घालून, बरेच दिवस मुरवून बनवावी लागतात. हा संशोधनलेख १९९९चा. एवढा खटाटोप नुसत्या रंगासाठी कोण करील? (शिसं विषारी आहे, तेव्हा वाचून कुणी घरी करून बघू नये.)

म्हणून माझं मत अंजनाला. संस्कृत 'अञ्ज्' म्हणजे माखणं, चोपडणं. दिवाळीचं अभ्यंग त्याच धातूचं. त्यामुळे अंजनाला रंगाची अट नाही, खनिजाचीही नाही. चरकसंहितेत सौवीरांजन, म्हणजे खनिजाचं अंजन, रोज घालायला सांगितलं आहे, आणि पाच किंवा आठ रात्रींनी एकदा रसांजन, डोळ्यांतून पाणी काढायला. हे रसांजन दारुहळदीच्या काढ्याचं, खनिजाशी त्याचा संबंध नाही. आपण कुणाच्या डोळ्यांत 'झणझणीत अंजन' घालतो तेव्हा औषधी अंजनाची हीच चुरचुर अभिप्रेत असते. काजळ कधी झणझणत नाही. तेव्हा वाक्य असं करावं: 'प्राचीन इजिप्तमधले स्त्री-पुरुष डोळ्यांचे आजार दूर ठेवायला अंजन घालत.' पुढे गॅलिनाच्या काळ्या पुडीचा उल्लेख आला तर तिथे खुशाल सुरमा म्हणा.

मेसदेमेतची पुढची वाट मजेदार आहे. तो शब्द ग्रीकमध्ये 'स्टिम्मी' झाला, लॅटिनमध्ये 'स्टिबियम', आणि रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने त्यावरून अँटिमनीला 'एसबी' ही खूण दिली. म्हणजे नाव इजिप्तच्या शिशाचं, आणि ते चिकटलं भलत्याच मूलद्रव्याला. जुन्या अभ्यासकांनीही मेसदेमेतचा अर्थ बेधडक अँटिमनी असा लावला होता. नमुन्यांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी शिसं निघालं.

अल्कोहोलचं म्हणणं खरं आहे. अरबीत 'कह्हाल' म्हणजे नेत्रवैद्य, आणि 'अल-कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालायची पूड. युरोपात तो शब्द आधी कुठल्याही अतिबारीक पुडीला लागू झाला, मग कुठल्याही पदार्थाच्या शुद्ध अर्काला. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने वाइनच्या अर्काला 'अल्कोहोल व्हिनी' म्हटलं. पुढे 'व्हिनी' गळालं आणि अल्कोहोल उरलं. प्रवास फक्त शब्दाचा झाला. सुरम्यापासून कुणी दारू गाळत नव्हतं.