कंटेनर घर टाकताय? आधी हे बघा
भाऊ, लोक 'पत्र्याचा डबा' म्हणतील ही धास्ती सोडा. नाशिकजवळच्या गिरणारे गावातल्या मळ्यात आम्ही कंटेनर घर ठेवलं तेव्हा आईनेच नाक मुरडलं होतं. आता द्राक्षाच्या हंगामात ती तिथून हलत नाही.

खरी काळजी उन्हाची. २० फुटी कंटेनर म्हणजे जेमतेम १६० चौरस फूट, तोही पोलादी. एप्रिलच्या दुपारी आत बसवत नाही, जानेवारीत पहाटे छतावरून थेंब अंथरुणावर टपकतात. विटांच्या घरात हा त्रास इतका होत नाही. म्हणून आतून पफ पॅनेल (मध्ये फोम भरलेले, उष्णता अडवणारे तक्ते) लावूनच घ्या, वर वेगळं छप्पर करा. काळी माती फुगते, तेव्हा खाली काँक्रीटचे खांब हवेतच. आणि गृहकर्ज बांधलेल्या घरासारखं सहज मिळेल असं धरू नका, बँकेत आधी विचारा.