पीसीएलचा पडदा करायला घेण्याआधी

हिरडीच्या आजारात झिजलेलं हाड परत भरून यावं म्हणून हिरडी आणि हाडाच्या मध्ये बसवायच्या पडद्यासाठी पीसीएलवर (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विरघळणारं प्लास्टिक) काम सुरू करतोयस, चांगलंय. पण पडद्यासाठी बारीक धागे काढणाऱ्या स्पिनिंगच्या मशीनपाशी बसायच्या आधी पडद्याचं काम काय, ते डोक्यात पक्कं कर. हिरडीच्या पेशी भराभर खाली सरकतात. दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड सावकाश भरून येतं. दंतसंशोधक मेल्चरने 1976 मध्ये हाच मुद्दा मांडला होता. म्हणजे पडद्याने निदान 4 ते 6 आठवडे वाट अडवून धरायची.

पीसीएलचं पाण्याशी जमत नाही. थेंब टाकलास तर मोत्यासारखा गोल उभा राहतो; पेशीही त्यावर नीट चिकटत नाहीत. म्हणून पृष्ठभाग आधी पाण्याला जवळ करणारा बनवावा लागतो. प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा मारा) झटपट होतो, पण असर दिवसागणिक ओसरतो, तेव्हा लगेच वापर. सोडियम हायड्रॉक्साइड स्वस्त, मात्र जास्त वेळ ठेवलंस की धागेच झिजतात. माझं विचारशील तर सुरुवात पॉलिडोपामिनने (डोपामिनचे रेणू जोडून बसणारा चिकट लेप) कर: 8.5 पीएचचं ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), मिलिलिटरला 2 मिलिग्रॅम डोपामिन, आणि हवा लागू दे. पडदा तपकिरी व्हायला लागला की लेप बसतोय हे डोळ्यांनाच कळतं. (फोटोही छान येतात, गाईड खूश.)

दोन्ही बाजू सारख्या करू नकोस. हिरडीकडची दाट, हाडाकडची सच्छिद्र.

निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हचा (गरम वाफेच्या यंत्राचा) विचार सोड, पीसीएल 60 अंशांच्या आसपास वितळतं. इथिलीन ऑक्साइड वायू चालेल, पण निर्जंतुक केल्यावर कॉन्टॅक्ट अँगल (पाण्याचा थेंब पडद्याशी करतो तो कोन) पुन्हा मोज. ताणाची चाचणीही ओल्या पडद्यावर घे. तोंडात तो कोरडा थोडाच राहणारे!