स्ट्रीमरला वाटा देण्याआधी

आपला गेम इंटरनेटवर थेट खेळून दाखवणाऱ्या स्ट्रीमरला विक्रीतला वाटा द्यावा का, असं परवा कोथरूडच्या अमृततुल्यात तू विचारलंस, तेव्हा चहा संपला आणि उत्तर राहिलं. स्ट्रीमरला वाटा जरूर दे, पण 'कशातला' ते आधी ठरव. ५०० रुपयांच्या गेमवर स्टीम, म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, ३० टक्के कापतं, उरतात ३५०. स्ट्रीमरला २० टक्के कबूल केलेस, तर छापील किमतीवर १०० जातात आणि उरलेल्यावर ७०. पहिल्या गेमला मी 'बघू नंतर' म्हणालो. प्रत्येक प्रतीमागे ते ३० रुपये माझ्याच खिशातून गेले. (कराचं तर बोलूच नकोस.)

पैसे लगेच देऊ नकोस. विकत घेतल्यापासून १४ दिवसांत, २ तासांहून कमी खेळलेला गेम स्टीमवर परत करता येतो. परताव्यांचा आकडा दिसला की मगच हिशेब.

आणि तुझा गेम गोष्टीचा आहे रे! लोक शेवटपर्यंत फुकट बघतील आणि झोपतील. स्ट्रीमरला पहिलाच अंक दाखवायला सांग. दर डाव वेगळा असणाऱ्या गेमचं बरं असतं, बघणाऱ्याचेच हात शिवशिवतात. प्रत्येक स्ट्रीमरला वेगळी यूटीएम लिंक (बघणारा कुठून आला ते नोंदवणारी लिंक) दे, म्हणजे विक्री कुणामुळे झाली याचा अंदाज येतो. करार एका पानाचा चालेल, सही मात्र घे.