'१०सीसी' या ब्रिटिश बँडच्या 'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह' या गाण्यात मागे धुक्यासारखा पसरलेला आवाज कोणत्या सिंथेसायझरचा?

सिंथेसायझर नाही हो, माणसंच आहेत ती! इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत बँडमधले तिघं एकेक सूर 'आऽऽ' करत सोळा-सोळा वेळा गायले. म्हणजे एका सुराला ४८ आवाज. त्या टेपांचे लूप केले, म्हणजे टोकं जोडून सतत वाजत राहणारी वेटोळी, आणि मिक्सरच्या, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या, एकेका फेडरला (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाला) एकेक सूर दिला. मग फेडर वरखाली करत पेटीसारखा तो मिक्सरच वाजवला. फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून खाली चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे सगळे सूर कायम मंद घुमत राहतात. हेडफोन लावून ऐका, कळेल.

गंमत म्हणजे गाणं आधी बोसानोव्हा या ब्राझिलियन संगीताच्या ढंगाचं होतं, ते बँडमध्येच आवडलं नाही. मधली कुजबुज स्टुडिओतल्या रिसेप्शनिस्टची. १९७५ मध्ये गाणं लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ब्रिटनमध्ये पहिल्या, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं.