किड्याचं हवामान वेगळं असतं

तुझा मेसेज वाचला, डेटा पण नीट बघितला. मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या त्या बारीक गांधीलमाश्या, कुंपणाच्या झाडीजवळच्या आणि मोकळ्या रानातल्या, त्यांची उष्णता सोसायची हद्द वेगळी निघाली म्हणून लँडस्केपमुळे, म्हणजे आजूबाजूच्या झाडी-रानाच्या मांडणीमुळे, त्या बदलल्या असं तू लिहून मोकळा झालास. जरा थांब.

तापमान कुठलं घेतलंस? वेदर स्टेशनचं ना. ते 1.25-2 मीटर उंचीवरचं, सावलीतलं हवेचं तापमान. तुझी माशी तिथे राहतच नाही रे. ती पानाच्या मागे असते, पान पाणी सोडून गार राहतं आणि तिथून हातभर खाली उघडी माती भर उन्हात 50 अंशांच्याही वर जाऊ शकते. एवढुसं अंतर! आणि कुंपण म्हणजे गारवा असंही धरून चालू नकोस, सावलीकडची बाजू गार असते पण वारा अडला की उन्हाकडची बाजू उलट जास्त तापते. म्हणून दोन्हीकडे पानामागे बारीक वायरचे थर्मोकपल (तापमान मोजायचे सेन्सर) लाव, दर 10 मिनिटांनी रीडिंग, आणि त्यावर थेट ऊन पडू देऊ नकोस, नाहीतर तो स्वतःच तापून भलताच आकडा देईल.

दुसरं, माशी दुपारी पकडलीस की सकाळी? थोडा वेळ उष्णतेचा चटका बसला की किड्याच्या शरीरात हीट शॉक प्रोटीन, म्हणजे उष्णतेपासून पेशी वाचवणारी प्रथिनं, तयार होतात आणि पुढचे काही तास तो जास्त सोसतो, म्हणजे तुझा फरक नुसता वेळेचाही असू शकतो. त्यात माव्याच्या आत वाढताना किती ऊब मिळाली त्याचाही परिणाम राहतो. दोन्हीकडच्या माश्या आणून दोन पिढ्या एकाच तापमानात वाढव. तरी फरक टिकला तर तो बहुतेक रक्तात, म्हणजे आनुवंशिक आहे, आणि मग मला लगेच फोन कर, कारण ती खरंच मोठी गोष्ट असेल.

हद्द मोजायची टेस्ट करताना, म्हणजे माशी नळीत ठेवून हळूहळू तापवताना, नळीकडे बघत रहा. माशी आधी सैरावैरा चढते, मग पाय घसरतो, पाठीवर पडते, पाय थरथरतात आणि परत उलटता येत नाही, त्या क्षणाचं तापमान लिही, तीच तिची हद्द. तापमान वाढवायचा वेग सगळ्यांना एकच ठेव, वेग बदलला की हद्दीचा आकडाही बदलतो. थंडीची हद्द पण मोज, किड्यांमध्ये ती उष्णतेच्या हद्दीपेक्षा जास्त बदलते.

लॉगर (थर्मोकपलचे आकडे नोंदवणारी यंत्रं) शेतात न्यायच्या आधी सगळे एकाच डब्यात दोन दिवस शेजारी ठेव, आकडे जुळतात का बघ, जो जुळणार नाही तो बाजूला काढ.